एका कागदात मावणारी मोहीम लिहूया (पहिला मसुदा फाडायला टाकतोय)

वीसमुखी
मंडळी, आपल्यातले बहुतेक डीएम (डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवणारे) विकतची जाडजूड कॅम्पेन पुस्तकं चालवतात. दोनशे पानं वाचायची, पणजी-मडगाव-म्हापसा अशा तीन टोकांची माणसं एका रविवारी जमवायची, आणि गोष्ट रंगात आली की एक जण नोकरीसाठी बंगळूरला जातो, दुसरा बोटीवर.

म्हणून प्रस्ताव. प्रत्येकाने एक छोटी मोहीम लिहायची. एक ए-फोर कागद, दोन्ही बाजू. एका बैठकीत, तीन-चार तासांत संपणारी. मुख्य अट अशी की लिहिणाऱ्याला फोन न करता कुठल्याही डीएमला ती चालवता आली पाहिजे. इंग्रजीत हा प्रकार नवा नाही, वन पेज डंजन कॉन्टेस्ट २००९ साली सुरू झाली. मराठीत कुणी करताना मला दिसलं नाही.

सुरुवात मीच करतो. खेळाची पाचवी आवृत्ती, तिसऱ्या लेव्हलची चार पात्रं.

नाव: मानस. खाजनातलं गाव, चवथ (गणेशचतुर्थी) होऊन गेलीय, भात पोटरीत आलंय. नदीचं पाणी पुन्हा खारट व्हायला लागलंय आणि यंदा मानशीची दारं भरतीला मिटतच नाहीत. खारं पाणी शेतात शिरतंय. मानशीच्या पोटात चिऱ्यांची जुनी दालनं आहेत, गावकरी पैसे जमवून चार परक्या धाडसी लोकांना खाली पाठवतात. दालनं पाच, जॉन फोरच्या फाइव्ह रूम डंजनच्या साच्यात: दारावरचा राखणदार, कोडं, फसवणूक, मोठी लढाई, बक्षीस. लढाई देवचाराशी (११० हिट पॉइंट, म्हणजे इतका मार सोसून मरणारा).

पहिल्या दालनाचं वाचून दाखवायचं वर्णन असं: «तुम्ही त्या गूढ, अंधाऱ्या दालनात पाऊल टाकता आणि तुमच्या काळजात धस्स होतं. हजारो वर्षांची शांतता तुम्हाला वेढून टाकते. कुणीतरी आपल्याकडे पाहतंय असं तुम्हाला सारखं वाटत राहतं…»

अजून सहा ओळी आहेत. बोला.

चिमूटभर_मीठ
कल्पनेला +१. वर्णनाला उणे दहा.

माझ्या टेबलावरच्या बार्बेरियनच्या काळजात धस्स होत नाही. ती आधी लाथ मारते, मग विचारते. खेळाडूला काय वाटलं ते खेळाडू सांगेल. पानावर फक्त दिसतं, ऐकू येतं, नाकाला येतं तेवढं असावं. तीन वाक्यं, आणि शेवटचं असं की कुणीतरी लगेच म्हणेल, «मी तिकडे जातो.» तुझंच दालन:

«कंबरेएवढी कमान. पाणी घोट्याला. आत कुठेतरी लाकूड दगडावर घासतंय, थांबून थांबून.»

आता टेबलावर कुणी ना कुणी त्या आवाजाकडे जाणारच. सहा ओळी वाचेपर्यंत लोक फोन काढतात.

पुण्याहून_पाहुणा
बाहेरचा म्हणून विचारतो, मानस म्हणजे नक्की काय? दार आपोआप कसं मिटतं? हे मला कळलं नाही तर मी चालवू कसं? खाजनसुद्धा गुगल करावं लागलं.

कुळागर
वीसमुखीबाब, पाहुण्यांचा प्रश्न रास्त आहे आणि याचं उत्तर तुझ्या पानावर हवं, धाग्यात नव्हे.

पाहुणे, खाजन म्हणजे खाडीकाठची सखल जमीन. समुद्र नदीत चढतो तेव्हा भरतीचं पाणी तिथे पोचतं. ते अडवायला चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध घालतात. बांधात जिथे पाणी आत-बाहेर करायचं तिथे मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. बाहेरचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप मिटते. ओहोटीला आतलं पाणी वर राहतं, ते झडप ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायची गरज नाही. शेतात कोरगुटासारखं खारेपणा थोडाफार सोसणारं भात.

आता खरी गंमत, जी मसुद्यात नाही. ओहोटीला पाणी बाहेर धावतं तेव्हा मानशीला जाळं लावून मासळी धरतात, आणि त्या हक्काची पावणी (लिलाव) होते. ज्याने पैसे मोजून मानस घेतली त्याला वाटतं, खारं पाणी जरा जास्त आत येऊ दे, मासळी वाढेल. शेतकऱ्याला वाटतं, थेंबभरही नको. हे भांडण खऱ्या खाजनांत कितीतरी वर्षं चाललंय. तुझ्या गावात दार उघडं राहिलंय. मग फायदा कोणाचा? तुझ्या पानावर तो माणूसच नाही! आणि बांध पोखरणाऱ्या कुर्ल्यांना विसरू नको. पाचव्या आवृत्तीत जायंट क्रॅब तयारच आहे, एसी (वार लागायला किती कठीण तो आकडा) १५, हिट पॉइंट १३.

डाव्या_हाताचा_डीएम
कुळागर, हे झकास. मी त्यात घड्याळ घालतो, कारण या मोहिमेत ते फुकट मिळतंय आणि वीसमुखीने वापरलेलंच नाही.

पाचव्या आवृत्तीतली छोट्या मोहिमांची जुनी दुखणी सगळ्यांना ठाऊक आहेत. दोन खोल्या झाल्या की पार्टी (खेळाडूंची टोळी) म्हणते, «लाँग रेस्ट घेऊया.» आठ तास झोपायचं, सगळे स्पेल परत. डीएम बिचारा रात्री भटके राक्षस पाठवून त्यांना उठवत बसतो. इथे भरती ते ओहोटी साधारण सहा तास. दालनात शिरता येईल असा वेळ चार तास धरा. आठ तासांची झोप त्यात बसतच नाही. तासाभराची शॉर्ट रेस्ट बसते, पण चार तासांतला एक तास जातो. मशाल एक तास जळते, म्हणजे मशालीही मोजून न्याव्या लागतात. विश्रांती घ्यायची की नाही हा प्रश्न प्रथमच खरा होतो, आणि डीएमला कुणालाही «नाही» म्हणावं लागत नाही.

आपली बैठकही तीन-चार तासांचीच. मग टेबलावरचा एक तास म्हणजे खालचा एक तास. फोनवर टायमर लावायचा, सगळ्यांना दिसेल असा. दर तासाला पाण्याची पायरी बदलते: घोटा, गुडघा, कंबर, गळा. पानावर ही चार पायऱ्यांची पट्टी, प्रत्येकीसमोर एक ओळ. गुडघ्याला चाल निम्मी (हा माझा घरचा नियम). कंबरेला बुटक्या पात्रांचं काय ते टेबलाने ठरवावं. गळ्याच्या वर गेलं की पाण्याखालचे नियम: श्वास एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) बोनस इतकी मिनिटं, आगीच्या नुकसानाला रेझिस्टन्स (निम्मंच लागतं), आणि ज्याला पोहण्याचा वेग नाही त्याच्या तलवारीला डिसअॅडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा). भाला, खंजीर, त्रिशूळ, शॉर्टसोर्ड, जॅव्हेलिन मात्र नीट चालतात. म्हणजे गावातून निघताना कुणी कोयता सोडून भाला उचलला तर त्याला बक्षीस मिळतं, आणि ते त्याला खाली गेल्यावर कळतं.

अमावास्येच्या उधाणाला सुरुवात करा. पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला जास्त उतरतंही, म्हणून एरवी बुडालेली कमान त्या दिवशी दिसते. «आजच का?» हा प्रश्न सुटला.

शून्य_एचपी
टायमर लावला तर चहा कधी?

डाव्या_हाताचा_डीएम
चहाला टायमर थांबतो. आम्ही रानटी नाही.

संकासूर
पेडण्यातून बोलतोय, त्यामुळे दशावताराचा दाखला दिल्यावाचून राहवत नाही. दशावतारी नटाच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. खेळाआधी कंपनीतला जाणता माणूस आख्यान लावून देतो: राजा कोण, वैर कोणाचं, कुठला प्रवेश कशाने संपतो. पुढे पेटी आणि पखवाजावर नट आपापलं बोलतात आणि रात्र निभते. राक्षसाने काय म्हणायचं ते कागदावर नसतं, त्याला काय हवंय ते मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

मोहीम तशी लिहावी. वीसमुखीच्या मसुद्यात घटना आहेत: आधी हे होतं, मग ते होतं. टेबलावरची माणसं पहिल्या दहा मिनिटांत तो क्रम मोडतात आणि डीएमच्या हातात निरुपयोगी कागद उरतो. त्याऐवजी प्रत्येक महत्त्वाच्या माणसापुढे तीन तुकडे लिहा. त्याला काय हवंय. तो कशाला घाबरतो. काय लपवतोय. कुळागर म्हणतो तो पावणीवाला घ्या, त्याला बाबुसो म्हणू. हवंय: एका मोसमात कर्ज फेडण्याइतकी मासळी. भीती: गावाने बांधावर जाब विचारला तर. लपवतोय: दार उघडं ठेवणारी वस्तू त्यानेच आणून ठेवलीय. एवढ्यावर मी दोन तास खेळवू शकतो, खाली न उतरताही.

चिमूटभर_मीठ
संकासूर, पटतंय, पण अर्धंच. दशावतारी नटाच्या पाठीशी पुराणं आहेत, समोर बसलेल्यालाही कथा ठाऊक आहे. सगळे एकाच पाण्यात पोहतायत. आपला नवखा डीएम चौदा वर्षांचा पोरगा असेल, त्याला «बाबुसोला कर्ज फेडायचंय» एवढ्यावर तोंड उघडता येत नाही. आणि पुण्याहून_पाहुण्यांना बाबुसो कसा बोलतो हे कुठून कळणार?

म्हणून माझी भर: प्रत्येक पात्राला एक नमुना वाक्य. एकच. «दार? दार काय मी धरून बसलोय?» असं. त्यातून आवाज मिळतो, पुढचं तो स्वतः बोलेल.

संकासूर
मान्य. ते वाक्य घेतलं.

सत्तरीकर
सगळं छान चाललंय, पण मूळ मसुद्यातल्या शेवटच्या लढाईवर कुणी बोललंच नाही. देवचाराला ११० हिट पॉइंट?

माझी हरकत दोन बाजूंनी आहे. एक, तो आमच्याकडे राखणदार आहे. रात्री हातात काठी आणि उजेड घेऊन गावाची शीव फिरतो, चुकलेल्याला घरी पोचवतो असं मानतात. लोक त्याला रोट देतात, विडी देतात, सोरो (दारू) देतात. त्याला पाचव्या खोलीत कोंडून मारायचं आणि खाली सोन्याची पेटी ठेवायची, हे वाचून सत्तरीतला कुणीही कागद खाली ठेवील.

दुसरी बाजू निव्वळ खेळाची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्याला हिट पॉइंट असतात ते मरण्यासाठीच आलेलं असतं. आकडा लिहिला की खेळाडू गणित करायला बसतात. देवचार भीतिदायक आहे कारण त्याच्याशी लढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला आकडे देऊ नका, एक नियम द्या: रात्री बांधावरून जाताना जो खोटं बोलला त्याला वाट सापडत नाही, पहाटेपर्यंत तो त्याच बांधावर चालत राहतो. बस. मग बाबुसोला बांधावर नेऊन प्रश्न विचारायचा की नाही हे खेळाडूंनी ठरवावं. गाऱ्हाणं घालायचं असेल तर फासा टाकायचा नाही, खेळाडूने खरंच तोंडाने घालायचं, आणि त्यात जे कबूल केलं ते पाळायचं.

शून्य_एचपी
पण नॉर्स देवांना, इजिप्तच्या देवांना आपण बिनधास्त आकडे देतोच की. तेव्हा कुणाला वाईट वाटत नाही. आपल्याला मात्र लगेच लागतं.

सत्तरीकर
त्यांची पूजा आज तुझ्या शेजारी होत नाही, हा फरक आहे. तरी मी बंदी घाला म्हणत नाही. गावाचं नाव काल्पनिक ठेवा, खऱ्या देवस्थानाचं नाव वा जागा घालू नका. भुतं, चेटकिणी हव्या तेवढ्या मारा.

कुळागर
मग दारात काय बसवायचं, तर मगर. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेतच. आणि फोंडा तालुक्यात खाजनाकाठी चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मांगेथापणी म्हणतात तिला. बाबुसो उंबऱ्यात खाणं टाकून मगर सवयीची करतो, तिच्या धुडाने झडप मिटत नाही. जायंट क्रॉकोडाइलचं चॅलेंज रेटिंग (राक्षस किती भारी तो आकडा) ५, तिसऱ्या लेव्हलच्या चौघांना मारता येईल पण एखादा जाईल. म्हणून दुसरी वाट मोकळी: खाणं बंद करा, तिला बाहेर ओढून न्या, किंवा गावाने यंदा चुकवलेली मांगेथापणी करवून घ्या. शेवटच्या वाटेला खेळाडूंना कमरेपर्यंत चिखलात बसून मगर थापावी लागेल. मी पैसे देऊन हे बघायला येईन.

कुशावती_काठची
नकाशासाठी उसगाळीमळची कातळशिल्पं वापरता येतील का? कुशावतीच्या काठी जांभ्यात कोरलेलं ते गोल गोल फेऱ्यांचं चक्र. डंजनचा आयता नकाशा आहे असं मला नेहमी वाटतं.

डाव्या_हाताचा_डीएम
दिसायला सुंदर, पण थोडं थांब. चक्रव्यूहाच्या अशा चित्रांत साधारणपणे वाट एकच असते, फाटे नसतात. फेऱ्या मारत मध्यापर्यंत जायचं, तेवढंच. खेळात वाट एकच असली की खेळाडूला निवडायला काही उरत नाही, तो नुसता चालतो. वीसमुखीच्या पाच खोल्यांचंही तेच, एकामागे एक ओळीत आहेत. पहिलीतून तिसरीत जाणारा पाण्याखालचा बोगदा काढा, चौथीला बांधाच्या वरून भोक द्या (कुर्ल्यांनी पोखरलेलं, कारणही तयार). मग ज्याला श्वास धरता येतो आणि ज्याला खणता येतं, दोघांना आपापली वाट मिळते. तुझं चक्र भिंतीवर कोरलेला सुगावा म्हणून ठेव.

कुशावती_काठची
हे पटलं. सुगाव्यावरून आठवलं, तीन सुगाव्यांचा नियम पाळा. बाबुसो मगरीला खायला घालतो हे कळायला एकच खूण ठेवली आणि पार्टीने तिकडे पाहिलंच नाही तर मोहीम तिथेच बसते. तीन ठेवा, तीन वेगळ्या ठिकाणी: उंबऱ्यात कोंबडीची हाडं, बाबुसोच्या होडीत रक्ताची टोपली, आणि गावातली एखादी पोर जिच्या कोंबड्या नाहीशा होतायत.

कायद्याची_पोथी
कंटाळवाणं पण लागणारं. फुकट वाटणार असाल तरी हे बघा.

पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ (खुला ठेवलेला नियमांचा संच) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.० खाली आहे. त्यातले नियम आणि राक्षस वापरता येतात, वाटता येतात, विकताही येतात. बदल्यात एसआरडीच्या सुरुवातीला दिलेली श्रेयाची ओळ तुमच्या कागदावर छापायची. जायंट क्रॅब आणि जायंट क्रॉकोडाइल त्यात आहेत. बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर या राक्षसांचे स्टॅट ब्लॉक (आकड्यांचे तक्ते) त्यात नाहीत, त्यांना हात लावू नका. मुखपृष्ठावर खेळाचं ट्रेडमार्क नाव टाकू नका, «पाचव्या आवृत्तीशी सुसंगत» पुरे. इंटरनेटवरून उचललेला नकाशा नको, पेनाने काढून फोटो काढला तरी चालेल. फॉन्टसाठी मुक्ता किंवा बलू घ्या, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर जोडाक्षरं फुटतात.

आणि तुमच्या मोहिमेचा परवानाही लिहा. «कुणीही वापरा» असं धाग्यात म्हटल्याने सहा महिन्यांनी कुणाला कळणार की भाषांतर करून वाटलं तर चालतं की नाही?

वीसमुखी
देव बरें करूं, सगळ्यांना. नवा मसुदा जोडलाय. देवचार आता बांधावरचा नियम आहे, लढाईतून गेला. मगर आली. गावाचं नाव काल्पनिक. पुढच्या बाजूला खाजन चार ओळींत, पाण्याची पट्टी, नकाशा. मागच्या बाजूला माणसं. बाबुसोचं वाक्य चिमूटभर_मीठ यांचंच ठेवलंय. परवाना बीवाय ४.०, एसआरडीच्या श्रेयाची ओळ तळाशी.

मी स्वतः ही चालवणार नाही. माझ्या डोक्यात कागदावर नसलेलंही सगळं आहे, मला ती नीट चालेलच. दुसरं कुणी घेता का?

मी_फक्त_बार्ड
घेतली, चालवली. म्हापशाला पाच जण होते, दोघे पहिल्यांदा खेळत होते.

चाललं ते: पट्टी. पाणी गुडघ्याला आलं तेव्हा क्लेरिक म्हणाली, «शॉर्ट रेस्ट?» आणि बाकी चौघांनी एकदम टायमरकडे पाहिलं. घेतली नाही. एवढं शांत टेबल मी पाहिलं नव्हतं.

न ठरलेलं: रोग (चोराचं पात्र) खेळणाऱ्याने कोंबड्यावाल्या पोरीला होडीत बसवलं आणि बाबुसोला बोलण्यात गुंतवून अंधार पडायच्या सुमारास बांधावर नेलं. तिथे त्याने «दार काय मी धरून बसलोय?» म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या हा प्रश्न आहे, खोटं नाही. देवचाराचा नियम लागू होतो की नाही यावर वीस मिनिटं वाद. शेवटी मी लागू केला नाही, आणि पुढच्या वाक्याला तो अडकला. चौथ्या दालनात कुणी गेलंच नाही.

अडलं ते: बाबुसो मागच्या पानावर आहे आणि त्याची होडी पुढच्या. भर प्रवेशात कागद तीनदा उलटा केला. मगरीचे आकडे पानावरच छापा, «एसआरडीत पाहा» लिहून भागत नाही, आमच्याकडे लाइट गेली होती आणि फोनवर टायमर चालू होता. आणि मांगेथापणी कशी करायची यावर दोन ओळी हव्यात. माझ्या टेबलावर मगर थापायला सगळे तयार होते, मलाच काय सांगावं सुचेना.

वीसमुखी
होडी मागे नेतो. मगरीच्या आकड्यांना जागा हवी म्हणून पाचवं दालन काढून टाकतो, तसंही तिथे नुसती पेटी होती. मांगेथापणीच्या ओळी कुळागर लिहितील का?

कुळागर
लिहितो. खऱ्या पूजेतलं सगळं नको घालायला. चिखल, आकार, गावाचं एकत्र येणं, एवढं पुरे.

पुण्याहून_पाहुणा
मी पुढच्या आठवड्यात इथे चालवतोय. आमच्याकडे भरती-ओहोटी कुणी पाहिलेली नाही, बघू पट्टी तेवढं सांभाळते का.

कुशावती_काठची
पुढची मी घेते. सांजांव (सेंट जॉनचा सण), २४ जून. डोक्यावर फुलांची कोपेलं घालून गावातली पोरं विहिरीत उड्या मारतात. यंदा उडी मारलेला वर येतो, पण कोपेल दुसऱ्याच कुणाचं घालून.

डाव्या_हाताचा_डीएम
घे. विहिरीतून बाहेर यायला दोन वाटा ठेव, आणि ते दुसरं कोपेल कोणाचं हे पहिल्याच बाजूला लिही. डीएमपासून लपवू नको.